मुंबई उपनगरांतील एक रॉक मंडळी व तिचा ‘दशावतार’

इतिहासाचीं साधनें म्हणजे केवळ बखरी, सनदा, महजर व पत्रव्यवहार एवढींच नव्हत, हें मत आतां नवीन राहिलेलें नाहीं. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं इ. स. १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां राजकारणाच्या कागदांवर भर असणें स्वाभाविक होतें. परंतु पुढें त्यांनींच गांवांच्या व माणसांच्या नांवांचा आणि विवाहसंस्थेचा विचार इतिहासाच्या कक्षेंत आणिला. त्याच न्यायानें शाहिरांचे फड, कीर्तनकारांच्या परंपरा व संगीत नाटकमंडळ्या यांच्या हकीकती आज संशोधनास योग्य मानल्या जातात. प्रस्तुत लेखांत आम्ही याच मार्गानें एक पाऊल पुढें जाऊन, मुंबईंत इ. स. २००० सालीं उदयास आलेल्या ‘डीमोनिक रेझरेक्शन’ या रॉक मंडळीची स्थापना, तिचा पूर्वकाळ आणि ‘दशावतार’ नांवाची तिची कृति यांचा विचार करणार आहों. विषय जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांस प्रथमदर्शनीं विजातीय वाटेल. तो तसा नाहीं, हें दाखविणें हाच लेखाचा हेतु होय.

१. स्थलविचार

ही हकीकत ज्या भूमीशीं निगडित आहे ती साष्टीची होय. साष्टी हें नांव ‘षट्षष्टि’, म्हणजे सहासष्ट गांवें, यावरून आलें असें परंपरा सांगते. बोरिवलीनजीक कान्हेरी व मंडपेश्वर, अंधेरीच्या पूर्वेस महाकालीचीं लेणीं, आणि त्यांच्या मध्यें जोगेश्वरी, इतकीं प्राचीन स्थानें या एका बेटावर आहेत. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांचा अंमल येथें बसला व इ. स. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनें तो उठला. पुढें इंग्रजी अमदानींत १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली व घाटकोपर, भांडुप, मुलुंड हीं गांवें लोहमार्गाच्या कडेस आलीं. १८६७ पासून पश्चिमेकडील मार्गावर विरारपर्यंत गाडी धावूं लागली. अंधेरी व घाटकोपर या बाजूचीं उपनगरें इ. स. १९५० मध्यें आणि त्यापलीकडील दहिसर व मुलुंडपर्यंतचा प्रदेश १९५७ मध्यें मुंबई महानगरपालिकेंत समाविष्ट झाला. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० मध्यें निर्माण झाला.

या राजकीय घडामोडींचा संगीताशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे. पोर्तुगीज अमलाचा एक अवशेष असा कीं, वांद्रें, कुर्ला, मरोळ वगैरे गांवठाणांतील ख्रिस्ती वस्तींत पाश्चात्त्य वाद्यें व पाश्चात्त्य स्वरलिपि यांचा परिचय देवळाच्या द्वारें पूर्वींच झालेला होता. त्यांत गोमंतकांतून आलेल्या वादकांची भर पडली. हेच वादक पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. तात्पर्य, उपनगरांत विलायती तंतुवाद्य घेऊन बसणारा तरुण हा आकाशांतून पडलेला नव्हे. त्याच्या पाठीमागें तीन-चार शतकांची पूर्वपीठिका आहे.

२. पूर्वकाळ

विद्युत्‌शक्तीवर चालणारी गिटार, तिचाच मंद्र स्वरांचा भेद जो बेस, आणि ड्रमांचा संच, या तिहींवर उभारलेल्या गायनवादनास रॉक म्हणतात. मुंबईंत अशा मंडळ्या इ. स. १९६० नंतरच्या दशकांत दिसूं लागल्या. ‘द जेट्स’ व ‘द सॅव्हेजेस’ हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें होत. एका सिगारेटच्या नांवानें भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेंतील निवडक गाण्यांच्या तबकड्या १९७० व १९७१ या सालांच्या निघाल्या. या काळच्या मंडळ्यांविषयींचें तें एक अस्सल साधन होय.

यानंतरची महत्त्वाची मंडळी ‘रॉक मशीन’. ती १९८४ मध्यें मुंबईंत स्थापन झाली. महेश तिनईकर हे तिच्या स्थापकांपैकीं एक असून उदय बेनेगल हे पुढें तिचे मुख्य गायक झाले. १९८८ मध्यें तिचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. दुसऱ्यांचीं गाणीं हुबेहूब वाजवून दाखविणें हाच ज्या काळीं बहुतेक मंडळ्यांचा शिरस्ता होता, त्या काळीं स्वरचित गाण्यांचा संपूर्ण संग्रह काढणें ही या मंडळीची मोठी कामगिरी होय. १९९३ मध्यें तिनें आपलें नांव बदलून ‘इंडस क्रीड’ असें ठेविलें. ‘यंत्र’ जाऊन त्या जागीं ‘सिंधु’ आली, हें नामांतर आपण कोण, याचा शोध या तरुणांस लागूं लागल्याचें चिन्ह आहे.

त्या काळचें मुख्य रंगपीठ धोबीतलावाजवळील रंगभवन हें होतें. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ नांवाचा वार्षिक जलसा तेथें भरूं लागला व अनेक मंडळ्यांनीं तेथेंच नांव मिळविलें. परंतु इ. स. २००० मध्यें केंद्र सरकारनें ध्वनिप्रदूषणाविषयींचे नियम जारी केले. रुग्णालयें, विद्यालयें व न्यायालयें यांच्या सभोंवारचा निदान शंभर मीटरांचा प्रदेश शांतताक्षेत्र ठरला आणि रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई झाली. रंगभवनाच्या एका अंगास महाविद्यालय व जवळच रुग्णालयें. तेव्हां तेथील मोठे जलसे बंद पडले. या बंदीचा परिणाम असा झाला कीं, रॉकचें केंद्र दक्षिण मुंबईंतून उत्तरेकडे सरकलें. ‘इंडिपेंडन्स रॉक’ पुढें अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर भरला. लहान जलसे जुहू येथील ‘रॅझबेरी ऱ्हायनोसेरॉस’ नांवाच्या उपाहारगृहांत होऊं लागले. उपनगरांस एवढ्या मोठ्या जमावाचा सराव त्यापूर्वींच झालेला होता. १ नोव्हेंबर १९९६ रोजीं अमेरिकन गायक मायकेल जॅक्सन याचा जलसा अंधेरीच्या क्रीडासंकुलांत झाला. त्या संकुलास शहाजीराजे भोसले यांचें नांव आहे, हें आमच्या वाचकांस आवर्जून सांगावेसें वाटतें.

येथें एक कार्यकारणभाव ध्यानांत घ्यावा. एखाद्या कलेचें स्थलांतर कलावंतांच्या इच्छेनेंच होतें असें नाहीं, राजाज्ञेनेंही होतें. पेशवाईच्या अस्तानंतर पुण्याचे गवई व शाहीर आश्रयासाठीं अन्य संस्थानांकडे वळले, हें आपण जाणतोंच. येथें आश्रय गेला नाहीं, जागा गेली. परिणाम मात्र त्याच जातीचा झाला.

३. मंडळीची स्थापना व पहिलीं वर्षें

ज्या वर्षीं हे नियम निघाले त्याच वर्षीं, म्हणजे इ. स. २००० मध्यें, ‘डीमोनिक रेझरेक्शन’ ही मंडळी साहिल मखिजा या तरुणानें मुंबईंत स्थापिली. नांवाचा अर्थ ‘आसुरी पुनरुत्थान’ असा होतो. मखिजा हे स्वतः गायक व गिटारवादक असून ‘डीमनस्टीलर’ हें त्यांनीं घेतलेलें टोपणनांव आहे. संस्कृतांत त्यास ‘असुरापहारी’ म्हणतां येईल. मंडळीचा पहिला संग्रह स्थापनेच्याच वर्षीं निघाला व त्यासही तेंच नांव दिलें गेलें.

या मंडळीचा संप्रदाय ‘मेटल’ या नांवानें ओळखला जातो. रॉकचीच ही अधिक उग्र शाखा होय. तिच्यांत लय अतिद्रुत असते, गिटारचा नाद मुद्दाम खरखरीत केलेला असतो आणि गायक पुष्कळदां स्वच्छ स्वर न लावतां कंठांतून गुरगुर किंवा गर्जना काढतो. ‘डीमोनिक रेझरेक्शन’नें या गर्जनेस की-बोर्डवरील विस्तीर्ण स्वरपटाची व मधून मधून स्वच्छ गायनाची जोड दिली.

पुढील क्रम असा. २००५ मध्यें ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ हा दुसरा संग्रह, २००७ मध्यें ‘बियाँड द डार्कनेस’ हा लहान संग्रह आणि २०१० मध्यें ‘द रिटर्न टु डार्कनेस’. या तिघांत अंधकाराचें अवतरण, त्याच्या पलीकडील स्थिति व त्याकडे पुनरागमन असा कथेचा एकच धागा असल्यामुळें यास त्रयी म्हणणें योग्य होईल. शेवटचा संग्रह ‘कँडललाइट’ या इंग्रज प्रकाशनसंस्थेनें परदेशीं प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील ‘इन्फर्नो’ महोत्सवांत या मंडळीनें वादन केलें व इंग्लंडांतील ‘मेटल हॅमर’ या नियतकालिकाचें जागतिक मेटलसाठीं असलेलें पारितोषिक तिला मिळालें. पहिल्या संग्रहापासून या मान्यतेपर्यंत दहा वर्षें लागलीं. २०१४ मध्यें ‘द डीमन किंग’ व मार्च २०१७ मध्यें, म्हणजे शके १९३८ च्या फाल्गुनांत, ‘दशावतार’ प्रसिद्ध झाला.

या काळांत मंडळींतील वादक वारंवार बदलले; स्थापक मात्र तोच राहिला. मराठी नाटकमंडळ्यांच्या इतिहासाशीं परिचित असलेल्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. १८८० मध्यें अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणिलें व त्यांतून किर्लोस्कर मंडळी उभी राहिली. तिच्यांतून बाहेर पडून १९१३ मध्यें बालगंधर्व, गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढिली. माणसें जातात, येतात, फुटून नवी मंडळी काढतात. नांव व संप्रदाय टिकतो तो एखाद्या माणसाच्या हट्टावर. भेद इतकाच कीं, नाटकमंडळींत बिऱ्हाड, मुदपाकखाना व पगार होते. रॉक मंडळींतील बहुतेक वादक उपजीविकेसाठीं दुसरा उद्योग करतात व रात्रीं तालमीस येतात. मखिजा यांनींही ‘हेडबँगर्स किचन’ नांवाचा पाककलेचा कार्यक्रम चालविला व तो लोकप्रिय झाला. गंधर्व मंडळीच्या पंगतींची ख्याति ऐकलेल्यांस गायन व पाकशाला यांचें हें सख्य अपरिचित वाटूं नये.

‘स्वतंत्र’ मंडळी या शब्दाचा अर्थ येथेंच स्पष्ट करणें इष्ट आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या चित्रपटांच्या गाण्यांवर पोसलेल्या. गुरगुरणाऱ्या इंग्रजी गाण्यांस त्यांच्या दुकानांत गिऱ्हाईक नव्हतें. तेव्हां मखिजा यांनीं ध्वनिमुद्रणाची विद्या आत्मसात केली, ‘डीमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढिली व तींतून इतर मंडळ्यांच्याही कृति प्रसिद्ध केल्या. ‘रेझरेक्शन’ या नांवाचा महोत्सवही त्यांनीं भरविला. म्हणजे कर्ता, लेखक, मुद्रक, प्रकाशक व जलशाचा चालक या सर्व भूमिका एकाच ठिकाणीं आल्या. हस्तलिखितांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर ग्रंथकर्ता, लेखनिक व संग्राहक हे तिघे येथें एकच आहेत. संशोधकाच्या दृष्टीनें हा मोठाच लाभ होय, कारण मूळ प्रत कर्त्याच्याच घरीं असते.

४. ‘दशावतार’: क्रमाचा विचार

आमच्या वाचकांच्या विशेष जिज्ञासेचा विषय आतां येतो. ‘दशावतार’ या संग्रहांत दहा गाणीं असून प्रत्येकास एका अवताराचें नांव व त्यास जोडून एक इंग्रजी विशेषण आहे. क्रम असा: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध व कल्कि. परशुरामास परशुधर, रामास राजपुत्र, कृष्णास गोपाल, बुद्धास गुरु व कल्कीस मलनाशक अशा अर्थाचीं विशेषणें दिलेलीं आहेत.

अवतारांची संख्या व क्रम यांविषयीं प्राचीन ग्रंथांत एकवाक्यता नाहीं हें प्रसिद्धच आहे. भागवताच्या प्रथम स्कंधांत बावीस अवतार सांगितले आहेत. बाराव्या शतकांतील जयदेवानें गीतगोविंदांत दहाच घेतले. परंतु त्याच्या मतें कृष्ण हा अवतार नसून अवतार घेणारा होय, म्हणून आठव्या स्थानीं त्यानें हलधर बलराम बसविला. याच्या उलट काश्मीरचा कवि क्षेमेंद्र यानें इ. स. १०६६ मध्यें पुरें केलेल्या ‘दशावतारचरित’ काव्यांत आठवा कृष्ण, नववा बुद्ध व दहावा कर्कि असा क्रम ठेविला आहे. हें काव्य मुंबईच्याच निर्णयसागर छापखान्यानें १८९१ मध्यें काव्यमालेंत छापिलें. ‘डीमोनिक रेझरेक्शन’चा क्रम जयदेवाशीं जुळत नाहीं, क्षेमेंद्राशीं दहाही स्थानीं जुळतो.

एवढ्यावरून या तरुणांनीं क्षेमेंद्र वाचिला असें अनुमान करणें धाडसाचें होईल. कृष्ण व बुद्ध यांचा समावेश असलेला हाच क्रम छापील चित्रांतून व कथापुस्तकांतून आज सर्वत्र रूढ आहे. तेव्हां तो त्या वाटेनें येणें अधिक संभवनीय. तथापि दोन गोष्टी लक्षणीय आहेत.

पहिली बुद्धाविषयीं. विष्णुपुराणांत मायामोहाची कथा आहे. असुरांस वेदमार्गापासून भ्रष्ट करण्यासाठीं विष्णूनें आपल्या देहापासून एक मोह निर्माण केला, असा तिचा आशय असून बुद्धावताराचें पौराणिक स्पष्टीकरण याच धर्तीवर केलें जातें. क्षेमेंद्रानें हा मार्ग पत्करिला नाहीं. तो ‘बोधिसत्त्वावदानकल्पलता’ या ग्रंथाचा कर्ता; त्याचा बुद्ध हा करुणावान उपदेशक आहे. प्रस्तुत संग्रहांतही बुद्धास गुरु म्हटलें आहे, मोहक म्हटलेलें नाहीं. महाराष्ट्राची रीत आणखी निराळी. आपल्याकडील जुन्या पंचांगांच्या मुखपृष्ठांवर दशावतारांच्या ओळींत नवव्या स्थानीं पुष्कळदां विठ्ठल विटेवर उभा असतो. एकाच आसनावर कोठें मोहक, कोठें गुरु, कोठें पांडुरंग, अशी ही तीन पीठांची कथा आहे; आणि एकविसाव्या शतकांत उपनगरांतील श्रोत्यांनीं तींपैकीं दुसरें पीठ ऐकिलें.

दुसरी गोष्ट कल्कीविषयीं. ‘कल्क’ म्हणजे मळ किंवा पाप. त्याचा नाश करणारा तो कल्कि, अशी एक परंपरागत व्युत्पत्ति आहे. संग्रहांतील इंग्रजी विशेषण या व्युत्पत्तीचें नेमकें भाषांतर आहे. क्षेमेंद्राचें ‘कर्कि’ हें रूप मात्र ‘कर्क’, म्हणजे पांढरा घोडा, या शब्दाकडे बोट दाखवितें व तें श्वेताश्वावर बसणाऱ्या अवतारास चांगलें शोभतें. या ठिकाणीं मंडळी क्षेमेंद्रापासून दूर जाऊन लोकरूढीस धरून राहिली, हें वर केलेल्या अनुमानास पोषकच आहे.

५. रसाचा प्रश्न

एक आक्षेप येथें येणारच. देवांच्या कथा, आणि त्या गुरगुरून, इंग्रजींत, आसुरी नांवाच्या मंडळीनें म्हणावयाच्या, ही विटंबना नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. प्रथम नांवाविषयीं: ‘असुर’ हा शब्द ऋग्वेदाच्या प्राचीन भागांत वरुणादि देवांस गौरवानें लाविलेला आहे, त्याचा निंदार्थ पुढील काळांतला. दुसरें रसाविषयीं: भरतानें रौद्र रसाचीं पात्रें सांगतांना राक्षस, दानव व उद्धत मनुष्य यांचींच गणना केली आहे. हिरण्यकशिपूचें विदारण किंवा परशुरामाचा क्षत्रियसंहार भूपाच्या संथ आलापींत बसत नाहीं; त्यास गर्जनाच लागते. भयानकाचा वर्ण भरतानें काळा सांगितला आहे. मेटलचे श्रोते काळ्या पोषाखांत जमतात आणि २००३ मध्यें मुंबईंतच स्थापन झालेल्या दुसऱ्या एका मंडळीनें तर ‘भयानक मौत’ असेंच नांव घेतलें. शास्त्र न वाचतांही व्यवहारानें शास्त्राशीं जुळावें, याचा हा मासला होय.

शिवाय दशावतारांचें वाद्यघोषासहित प्रदर्शन हें आपल्याकडे मुळींच नवें नाहीं. दक्षिण कोंकणांत दशावतारी खेळ्यांची परंपरा अद्याप चालू आहे व चाकरमान्यांबरोबर ती मुंबईसही आली. त्या खेळाच्या पूर्वरंगांत काळ्या वेषांतील संकासुर येतो. वेद चोरणारा तो शंखासुर, ज्याच्या वधासाठीं मत्स्यावतार झाला. कोंकणच्या खेळांत चोर असुर येतो व पहिल्या अवताराची कथा सुरू होते. मुंबईच्या या संग्रहांतही मत्स्याची कथा पहिली, आणि ती सांगणारा स्वतःस ‘डीमनस्टीलर’ म्हणवितो. हा योगायोगच असला तरी तो अशा प्रदेशांतला आहे, जेथें असुराशिवाय अवताराची कथा रंगत नाहीं.

६. संग्राहकांस विनंति

आतां जें सांगावयाचें तें निकडीचें आहे. जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावर लिहिलेली पोथी कसर व ओल यांपासून जपली तर तीनशें वर्षें सुखानें टिकते. चुंबकीय फीत असलेली कॅसेट थोड्याच दशकांत आपला नाद गमावूं लागते. घरीं भरलेल्या सीडीचा रंगथर उडतो व मग तीवरील कांहींच वाचतां येत नाहीं. जलशांचीं हस्तपत्रकें दुसऱ्या दिवशीं केराबरोबर जातात. १९८४ च्या मंडळीस चार दशकें व २००० च्या मंडळीस पाव शतक होऊन गेलें. ज्या साधनांवरून त्यांचा इतिहास लिहावयाचा, त्यांचें आयुष्य पेशवे दप्तराच्या कागदाहून पुष्कळ कमी आहे. रंगभवनांतील जलसे बंद पडले, जुहूचें तें उपाहारगृह राहिलें नाहीं. राहिली आहे ती फीत, तबकडी, तिकिटाचा तुकडा आणि तेथें उपस्थित असलेल्यांची स्मृति.

म्हणून आमची सूचना अशी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथें राहणाऱ्या सभासदांनीं आपल्या शेजारच्या घरांत चौकशी करावी. ज्यांच्या मुलांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार हातीं धरली, त्यांच्या माळ्यावर एखादी पेटी असेलच. कॅसेट, तबकडी, हस्तपत्रक, गाण्याची वही, जें मिळेल तें टिपून ठेवावें. त्यावर साल, स्थळ व वादकांचीं नांवें त्यांच्याच तोंडून विचारून लिहावीं. फितीची ध्वनिप्रत दोन ठिकाणीं ठेवावी. वहीवर खाडाखोड असेल तर ती तशीच जपावी, कारण पाठभेदाचें मूल्य आम्हीं पोथीवाल्यांस सांगावयास नको. सूची करतांना पोथ्यांच्या सूचींतील स्तंभ, म्हणजे नांव, कर्ता, लेखनकाल, स्थिति व अपूर्ण किंवा संपूर्ण, येथेंही जसेच्या तसे उपयोगीं पडतात.

राजवाड्यांनीं दप्तरें शोधिलीं तेव्हां वाण्याच्या दुकानांत पुड्या बांधण्यासाठीं गेलेले कागद पाहून त्यांचा जीव तळमळे. या तरुणांच्या गर्जनेंत आम्हांस गोडी वाटो वा न वाटो, तिच्या फितींची तशीच गत होऊं देणें इतिहासाच्या अभ्यासकांस शोभणार नाहीं. साधन हातचें जाण्यापूर्वीं तें हातीं घ्यावें, एवढेंच आमचें मागणें आहे. इत्यलम्.